हात पुरेल असा बार

"काय करतेयस?" आईचा रात्री साडेनऊचा फोन. येवल्याहून. रोजचा.

"बार बघतेय गं. ऑनलाइन."

पलीकडे शांतता. मागे टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती.

"आणि... कितीचा?"

"पन्नासच्या आत बसवायचाय. तू ओळखतेस ना मला, जास्त उडवणार नाही."

"पन्नास रुपये?"

"हजार, आई!"

मालिकेचा आवाज बंद झाला. पुढची पाच मिनिटं मी तिला समजावत होते की हा तो बार नाही. मी पुण्यात परमिट रूम टाकत नाहीये. हा एक दांडा असतो. कार्बनचा किंवा अॅल्युमिनिअमचा, साधारण अर्धा मीटर लांब. त्याला चार दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला भलामोठा पतंग, आणि पतंगाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे खालच्या टोकाला, तुझी मुलगी. समुद्रात. एका फळीवर उभी. त्या दांड्याला कमरेशी अडकवणारी जी कडी असते तिला 'चिकन लूप' म्हणतात, हे मात्र मी सांगितलं नाही. श्रावण चालू होता.

आता तुमच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. मास कॉम करून बाहेर पडले तेव्हा आपण न्यूज चॅनेलच्या ओबी व्हॅनमध्ये असू असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी फ्रीलान्सर झाले, म्हणजे 'वीकेंडला कुठे जाल' आणि 'पावसाळ्यात त्वचेची काळजी' या दोन विषयांवर माझं घर चालतं. पैकी पहिल्या विषयानं मला २०२२च्या मार्चमध्ये उत्तर गोव्यात मोरजीला नेलं. शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते त्या टोकाला दुपारनंतर आकाशात पतंगच पतंग दिसतात. फेब्रुवारी ते मे या काळात तिथे दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. दणकट नव्हे, शिकायला बरा. मला आठशे शब्द लिहायचे होते. शब्द झाले, पण मी आणखी सहा दिवस तिथेच राहिले. मानधनाचा चेक यायच्या आधीच संपला.

काइटसर्फिंगचं गणित मला पहिल्याच दिवशी समजलं, याचं श्रेय इन्स्ट्रक्टरला कमी आणि माझ्या मामाला जास्त. आम्ही येवल्याचे. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं! तीन दिवस गाव गच्चीवर असतं. हातात आसारी, कानात हलकडी आणि तोंडात तीळगूळ. मामा पतंगाची कन्नी बांधायचा तेव्हा मी दोरा धरून बसायचे. वारा पडलेला असेल तर कन्नी एका मापाची, वाऱ्याला जोर असेल तर दुसऱ्या. "वारा दांडगा झाला की वरचा दोरा बोटभर आखूड कर," तो सांगायचा. वरचा दोरा आखूड झाला की पतंगाचं तोंड आपल्याकडे झुकतं, वारा पोटात कमी भरतो, ओढ कमी होते.

काइटचंही अगदी तेच. चारपैकी मधल्या दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला जातात, त्यांच्यावर जास्त भार असतो आणि तो कमरेच्या हार्नेसवर येतो. बाजूच्या दोन दोऱ्या पतंगाच्या मागच्या टोकांना आणि बारच्या दोन टोकांना. बार आपल्याकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणतात, पतंग वाऱ्याला जास्त अंग देतो, ताकद वाढते. बार पुढे सोडला की ताकद कमी. सायकलच्या हँडलसारखा डावी-उजवीकडे वळवला की पतंग वळतो. म्हणजे एकाच दांड्यात स्टिअरिंग आणि अॅक्सिलरेटर.

मग ट्रिम कशाला? तर कन्नी म्हणून! मामा पतंग खाली उतरवून दोरा आखूड करायचा. इथे पतंग वर, तुम्ही पाण्यात, आणि वारा अर्ध्या तासात बदललेला. तेव्हा मधल्या दोन दोऱ्या जागच्या जागी आखूड करायची सोय म्हणजे ट्रिम. ओढला ट्रिम, झाल्या पुढच्या दोऱ्या आखूड, पतंग शांत.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात हे एवढं नव्हतंच. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या दोघा भावांनी हवा भरायच्या पतंगाचं पेटंट १९८४ साली मागितलं, तेव्हा आई शाळेत होती. नंतरची बरीच वर्षं पतंग इंग्रजी 'सी'च्या आकाराचे असत आणि बार पूर्ण सोडला तरी ओढ फारशी कमी होत नसे. २००५च्या सुमारास जरा चपटे, धनुष्यासारखे 'बो' पतंग आले आणि बारच्या हालचालीनं जवळजवळ सगळी ताकद सोडून देणं शक्य झालं. म्हणूनच माझ्यासारखी अठ्ठेचाळीस किलोची मुलगी या खेळात आहे.

आता मुद्द्याचं. २०२३चा ऑगस्ट.

गोव्याचा सीझन मे अखेर संपतो. आमच्या कंपूत ठरलं, रामेश्वरमला जाऊ. तिथे उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो, तो गोव्यासारखा लाजत नाही. घरात सांगितलं तर आजीचा चेहरा उजळला. "रामेश्वर? एकटी? अगं, वाळू घेऊन ये!" काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू गंगेत सोडायची, हे आजीच्या यादीत चाळीस वर्षं लिहिलेलं काम. पोरगी तिथे पतंगाला लटकायला चाललीय हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्या वेळी पांबनचा जुना रेल्वे पूल बंद होता, म्हणून मदुराईहून टॅक्सीनं गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात. गुडघाभर उथळ, सपाट, हिरवट निळं पाणी. इतकं सुंदर की मला उगाचच विशेषणं सुचायला लागली. भाड्यानं घेतलेला नऊ मीटरचा पतंग आणि त्याच्यासोबत आलेला बार. बारला स्ट्रॅपवाला ट्रिम होता, म्हणजे बारच्या वरती एक पट्टा आणि त्याला दोन पकडी. एक ओढली की ताकद कमी, दुसरी ओढली की परत. सकाळी वारा सोळा नॉट्सच्या आसपास होता, म्हणून ट्रिम पूर्ण सोडलेला. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

अकरा-साडेअकराला वारा चढला. चोवीस नॉट्स तरी असेल. आकडा दीडपट झाला म्हणून ओढ दीडपट होते असं समजू नका. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वादोनपट! मी बार हात सरळ होईपर्यंत पुढे सोडला. तरी पतंग ओढतच होता. आता ट्रिम ओढायचा, एवढं माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. वर पाहिलं. पट्ट्याची पकड माझ्या बोटांपासून चार बोटं लांब होती.

चार बोटं. मी पाच फूट अर्धा इंच आहे. बसमधलं हँडल, ओट्यावरचं वरचं कपाट, लोकलमधली कडी... या सगळ्यांशी माझा जुना परिचय आहे. टाचा उंच करायची मला सवय आहे. तीच सवय नडली. मी उजवा हात सोडून पट्टा पकडायला उचंबळले आणि त्या नादात डावा हात बारवर घट्ट आवळला गेला. आवळला म्हणजे ओढला. ओढला म्हणजे ताकद वाढली, आणि एकाच टोकाला ओढला म्हणजे पतंग वळला. तो सरळ वाऱ्याच्या मध्यात घुसला आणि मी पाण्याबाहेर. किती उंच, किती लांब, मला माहीत नाही. पडल्यावरही मी बार धरूनच होते. पडणारा माणूस हाताशी असेल ते घट्ट धरतो. शरीराला दुसरं काही सुचत नाही. पतंग मला ओढत राहिला. शेवटी कुठूनतरी इन्स्ट्रक्टरची आरोळी ऐकू आली आणि मी क्विक रिलीज ढकलला. एका झटक्यात सगळं शांत. पतंग एका दोरीवर लोळत पाण्यावर पडला आणि मी गुडघाभर पाण्यात बसून रडले.

डाव्या मनगटाला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. घरी सांगितलं, सोसायटीच्या जिन्यात पाय घसरला. वाळू विसरले हे आजीला सांगताना मात्र खरंच वाईट वाटलं. एका हातानं टाइप करून 'पावसाळ्यात त्वचेची काळजी' लिहिली, ती माझी आजवरची सर्वांत छोटी वाक्यं असलेली कॉपी. संपादकांनी कौतुक केलं!

ज्यांच्याकडून गिअर घेतलं ते म्हणाले, "बार व्यवस्थितच आहे, तुमची टेक्निक चुकली." टेक्निक चुकली होती, हे खरंच. पण वर्षभर मला एकच गोष्ट टोचत राहिली. ती चार बोटं.

वर्षभर मी गेले नाही. कंपूला सांगितलं, डेडलाइन्स आहेत. मोरजीचा पुढचा सीझन कोरडा गेला. २०२४च्या ऑगस्टमध्ये मार्सेयच्या समुद्रात ऑलिंपिकची काइट शर्यत झाली, पहिल्यांदाच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ नव्यानं घेतला होता. मी फोनवर ती पाहत होते आणि माझं लक्ष शर्यतीकडे नव्हतंच. मी त्यांचे हात बघत होते. वारा बदलला की हात कुठे जातो? किती लांब? न बघता जातो का?

त्या रात्री कळलं की मला परत जायचंय.

२०२५च्या फेब्रुवारीत मोरजीला परतीच्या तयारीत असलेल्या एका परदेशी जोडप्याकडून मी सात मीटरचा वापरलेला पतंग घेतला. नऊ नव्हे, सात! माझ्या वजनाला आणि रामेश्वरमच्या वाऱ्याला तोच बरा. बार त्यांना विकायचा नव्हता. मग बाराची शोधाशोध सुरू झाली, ती तब्बल पाच-सहा महिने पुरली.

कंपूत एक 'गिअर गुरू' असतोच. आमचाही आहे. आयटीतला, हॉलंडला ऑनसाइट असताना शिकलेला, सहा फूट एक इंच. त्याच्याकडे ड्युओटोनचा क्लिक बार आहे. त्यात दोरी ओढायची भानगडच नाही. बारच्या टोकाची मूठ फिरवली की ताकद कमी होते, बटण दाबलं की वाढते. हात बारवरून हलतच नाही. "तुझा प्रॉब्लेमच संपला," तो म्हणाला. खरंच संपला असता. मी गोव्यात त्याचा बार एक तास वापरला आणि प्रेमात पडले. पण आत यंत्रणा आहे. वाळू आणि मीठ नीट धुवायला हवं, आणि काही बिघडलं तर पुण्यात मी तो कुणाला दाखवू? सायकलवाल्याला? शिवाय नवा घ्यायचा तर माझे तीन महिन्यांचे लेख गेले. मन मारलं.

स्ट्रॅपवर फुली मारली. स्ट्रॅप वाईट असतो असं नाही बरं. स्वस्त असतो, समजायला सोपा असतो, पट्टा रुंद असल्यानं पटकन दिसतो. पण ओला पट्टा वाळूनं भरला की बक्कलमधून सरकायला जोर लागतो, आणि माझ्यापाशी त्याच्याबद्दलची एक आठवण आहे. पुरे.

उरले दोन. दोन्ही क्लीटवाले. क्लीट म्हणजे दातेरी खाच, शिडाच्या होड्यांवर दोर अडकवायला असते तीच. दोरी ओढायची, दाते तिला धरतात. सोडायची तर किंचित उपसून सोडायची. यांतला एक प्रकार बारच्या वर, पतंगाच्या बाजूला असतो. दुसरा बारच्या खाली, चिकन लूपच्या लगेच वर, म्हणजे जवळजवळ पोटाशी. दुसरा ऐकताक्षणी मला वाटलं, झालं, हाच! पोटापर्यंत तर माझा हात पुरतोच ना?

इथे आईची एण्ट्री. त्या फोननंतरच्याच शनिवारी ती एसटीनं पुण्याला आली. "बघू दे कसला बार." गुरूनं दोन्ही प्रकारचे बार कुणाकुणाकडून उसने आणून दिले होते. मी गॅलरीच्या गजाला दोऱ्या बांधल्या, हार्नेस चढवला, चिकन लूप अडकवला आणि मागे झुकून उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी पेपर खाली ठेवला. आई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली,

"ह्याला ब्रेक कुठाय?"

मी तिला ट्रिम दाखवला. आणि क्विक रिलीज. आणि मग, का कोण जाणे, जिना घसरल्याची खरी गोष्टही सांगितली. दोन वर्षांनी.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पर्समधून टेप काढली. माझी आई तीस वर्षं ब्लाऊज शिवते. तिची टेप तिच्याबरोबर प्रवास करते. "हात सरळ कर. खांदा उचलू नकोस, खांदा उचलून घेतलेलं माप खोटं असतं." हुकापासून माझ्या मधल्या बोटापर्यंत अडुसष्ट सेंटिमीटर भरले. मुठीत दोरी पकडायची तर बासष्ट. मग तिनं बार मोजले. गुरूच्या मित्राचा वरच्या क्लीटचा बार, पूर्ण पुढे सोडल्यावर क्लीटची दोरी एक्क्याऐंशीवर. "हे कुणासाठी शिवलंय?" ती म्हणाली. "आणि तू हे भाड्याचं घालून गेलीस? तयार ब्लाऊज तुला कधी बसलाय का?"

खालच्या क्लीटचा बार मोजल्यावर माझा भ्रमनिरास झाला. क्लीट हाताशी होती, प्रश्नच नाही. पण तिनं चिकन लूप आणि बार यांच्यामधली जागा खाल्ली होती. बार पूर्ण जवळ ओढला तरी तो पोटापासून वीतभर लांबच थांबत होता, आणि पूर्ण पुढे सोडला की माझ्या बोटांच्या टोकांवर. लांब हाताच्या माणसाला यानं काही फरक पडत नाही. उलट अनेकांना हाच प्रकार आवडतो. मला मात्र स्टिअरिंग लांब आणि ब्रेक जवळ असं झालं असतं.

मग वरच्या क्लीटचाच, पण क्लीटची उंची कमी-जास्त करता येणारा बार शोधायचं ठरलं. असे मिळतात. क्लीट खाली घेतली की हात पुरतो. फुकट मात्र काहीच नाही. क्लीट खाली आली म्हणजे बारला पुढे सरकायला जागा कमी, म्हणजे नुसता बार सोडून जेवढी ताकद कमी होत होती तेवढी आता होणार नाही. उरलेलं काम ट्रिमनं करायचं, आणि तेही किनाऱ्यावरूनच थोडा ओढून निघायचं. गुरू म्हणाला, "त्यापेक्षा स्टॉपर लाव ना." स्टॉपर म्हणजे बारला ठरावीक जागेपुढे जाऊ न देणारी गुंडी. मी त्याला विचारलं, त्यानं बार माझ्या हातात राहील, पण क्लीट कुठे राहील? तो गप्प झाला. सहा फुटी माणसाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो हो! त्याची चूक नाही.

अखेर गोव्यातल्या ओळखीतून जवळपास नवा बार मिळाला. बत्तीस हजार. क्लीट सगळ्यात खालच्या जागी आणली तर दोरी साठ सेंटिमीटरवर. आईनं फोनवर दोनदा विचारून खात्री केली. पतंग एका कंपनीचा आणि बार दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोऱ्यांची टोकं आणि पुढच्या दोऱ्या जिथे फुटतात त्या व्ही आकाराची उंची जुळतेय का हे बघावं लागतं, तेही पाहून घेतलं. रिलीज २०२०च्या आयएसओ मानकाप्रमाणे आहे का हेही विचारलं. काइटच्या रिलीजसाठी असं स्वतंत्र मानक आहे, आणि मी ते दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

बार आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही दोऱ्यांची टोकं एका खांबाला बांधली, ट्रिम पूर्ण सोडला, बार पूर्ण जवळ ओढला. चारही दोऱ्या सारख्या ताणल्या पाहिजेत. मधल्या दोन दोऱ्या बोटभर लांब निघाल्या. भार त्यांच्यावर, म्हणून ताणतात त्या. अशा बारवर पतंग जड वाटतो, हलक्या वाऱ्यात मागे ढेपाळतो, आणि आपल्याला वाटतं पतंगच वाईट. मागच्या दोऱ्यांच्या गाठी एकेक पायरी सरकवल्या. वॉचमन दोरी धरायला आला होता. त्यानं विचारलं, "मॅडम, मांजा कुठलाय?"

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या सप्टेंबरमध्ये, मी परत गेले. या वेळी मदुराईहून रेल्वेनं. पांबनचा नवा पूल त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाला होता. मधला भाग लिफ्टसारखा उभा वर जातो आणि खालून बोटी जातात. शेजारी १९१४चा जुना पूल बंद पडून उभा. खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, आणि पाण्यावर वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा. माझ्या पोटात गोळा आला. खोटं कशाला बोलू?

किनाऱ्यावरच ट्रिम वीतभर ओढला. रिलीज एकदा ढकलून, परत जोडून पाहिला. सात मीटर. निघाले. पहिली वीस मिनिटं मी इतकी आखडले होते की फळीच्या जागी इस्त्रीची टेबलं असती तरी कळलं नसतं. मग दहाच्या पुढे वारा चढायला लागला, तसाच, त्या दिवशीसारखाच. हातांना आधी कळलं. मी बार पुढे सोडला. डावा हात बारच्या मध्यावर, सैल. उजवा हात वर गेला आणि दोरी तिथे होती.

ओढली. जरा जास्तच ओढली! मागच्या दोऱ्या इतक्या ढिल्या झाल्या की पतंगानं माझं ऐकायचंच सोडलं. वर जाऊन नुसता लटपटत राहिला आणि मी हळूच, अगदी सन्मानानं, पाण्यात बसले. कुणी पाहिलं नाही. दोन बोटं दोरी परत सोडली. पतंग भानावर आला. त्या दिवशी मी दीडपर्यंत पाण्यात होते. दोरी किती वेळा ओढली-सोडली ते मोजलं नाही.

संध्याकाळी देवळाजवळच्या किनाऱ्यावर गेले आणि आजीनं दिलेली स्टीलची डबी भरली.

परतताना पुण्याला न उतरता थेट येवल्याला गेले. मामाला पतंग दाखवायचा होता. मी बारची पिशवी दिवाणखान्यात उपडी केली तर क्लीटच्या खाचेतून, दोऱ्यांच्या गुंडाळ्यांतून, कुठून कुठून वाळू सांडली, आईनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. मामा तोवर क्लीटची दोरी पुढे-मागे ओढून बघत होता. "म्हणजे कन्नीच की ही," तो म्हणाला, "फक्त महाग."

आजी डबी उघडून बसली होती. तिनं डबीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"ही देवळाजवळची. आणि ती कुठली?"

"ती पण तिथलीच, आजी. पलीकडच्या पाण्यातली."

आजीनं कुणाच्यातरी लग्नाची जुनी पत्रिका घेतली, फरशीवरची वाळू तिच्या कडेनं हळूहळू गोळा केली, डबीत ओतली आणि झाकण लावलं.